मुदतीचे छप्पर

मराठी भाषेने स्त्रीच्या घराला दोन नावे दिली आहेत. एक माहेर आणि दुसरे सासर. पहिल्यातून तिला निरोप मिळावयाचा आणि दुसऱ्यात तिने नांदावयाचे, असा हा क्रम ठरलेला. कोणाची लेक म्हणून नव्हे आणि कोणाची सून म्हणूनही नव्हे, केवळ तेथे राहणारी बाई म्हणून ती जेथे राहील, अशा तिसऱ्या घराला आपल्या भाषेत वेगळा शब्द नाही. पुरुषाच्या बाबतीत अशा शब्दाची गरजच पडत नाही; तो राहतो ते घर. नांदावयास गेलेल्या घरी मारहाण होऊ लागली म्हणजे बाई माहेरची वाट धरते, आणि माहेरही बहुधा दार लावून घेत नाही. ‘आलीस तशी चार दिवस राहा,’ असे ते म्हणते. त्या वाक्याचा सगळा अर्थ ‘चार दिवस’ या दोन शब्दांत साठविलेला असतो.

गेल्या काही वर्षांत या माहेराची जागा काही अंशी शासनाने घेतली आहे, ही मोठीच गोष्ट म्हटली पाहिजे. १ एप्रिल २०१५ पासून देशात ‘सखी’ या नावाची केंद्रे उघडण्याची योजना सुरू झाली. मारहाण झालेल्या स्त्रीला औषधोपचार, पोलिसांची मदत, कायद्याचा सल्ला, मनाला धीर देणारे कोणी आणि रात्रीपुरता आसरा, हे सारे एकाच ठिकाणी मिळावे असा तिचा हेतू. ही केंद्रे शक्यतो रुग्णालयात किंवा त्याच्या जवळपास असावीत असे ठरले, आणि ते योग्यच झाले. कारण अशी बाई पुष्कळदा प्रथम पोहोचते ती रुग्णालयातच. या केंद्रात तिला राहता येते ते जास्तीत जास्त पाच दिवस. माहेरच्या चार दिवसांत शासनाने एका दिवसाची भर घातली, असे कोणी उपहासाने म्हणेल. परंतु तो उपहास न्याय्य होणार नाही. केंद्राचे काम तातडीचे आहे, आणि तातडीच्या खाटा रिकाम्या व्हाव्याच लागतात. खरा प्रश्न पाचव्या दिवसानंतरचा आहे.

हा प्रश्न थोड्याथोडक्यांचा नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत असे दिसून आले की, १८ ते ४९ या वयाच्या, विवाह झालेल्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे २९ स्त्रियांना पतीकडून कधी ना कधी मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसावी लागली होती. त्याच सर्वेक्षणात, हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कोणाकडे तरी मदत मागितलेल्या स्त्रियांचे प्रमाण शेकडा १४ निघाले. उरलेल्या का बोलल्या नाहीत, याची कारणे अनेक सांगता येतील. लाज आहे, भीती आहे, मुलांचा विचार आहे. पण त्या सर्वांच्या तळाशी एक साधा व्यवहारी हिशेब असतो: बोलून मग जावयाचे कोठे?

अशी एक स्त्री डोळ्यांपुढे आणावी. वय तीस-बत्तीसचे. बारा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. शहरातल्या तीन घरी स्वयंपाक करून ती महिन्याचे चार पैसे मिळविते. एका रात्री ती दोन्ही मुलांना घेऊन बाहेर पडते. हातातल्या पिशवीत कपड्यांचा एकेक जोड आहे. शिधापत्रिका, मुलांचे जन्माचे दाखले, बँकेचे पुस्तक हे सारे कपाटात राहिले आहे, आणि कपाटाची किल्ली नवऱ्याच्या जानव्याला किंवा करगोट्याला नसली तरी त्याच्या खिशात आहे. पाच दिवस केंद्रात निघतात. त्यानंतर तिला दीर्घ मुदतीच्या निवासगृहात पाठवावयाचे असते.

दीर्घ हा शब्द येथे जरा जपून घ्यावा. निराश्रित स्त्रियांसाठी केंद्र शासनाने १९६९ मध्ये जी योजना काढली, तिचे नावच मुळी अल्पमुदतीची निवासगृहे असे होते. २००१-०२ मध्ये ‘स्वाधार’ आली. पुढे दोन्ही एकत्र होऊन ‘स्वाधार गृह’ झाली. तिच्या नियमांत कौटुंबिक हिंसा सोसलेल्या स्त्रीस एक वर्षापर्यंत राहता येई. इतर कारणांनी आलेल्या स्त्रियांना तीन वर्षे. आणि पंचावन्न वर्षांवरील स्त्रियांना पाच वर्षे, त्यानंतर त्यांनी वृद्धाश्रमात जावयाचे. २०२२ मध्ये ही योजना ‘शक्ती सदन’ या नावाखाली आली. नाव पालटले, तपशील सुधारले, पण मुदत ही कल्पना राहिली. आणि स्वाधार गृहाच्या नियमांत आणखी एक वाक्य होते, ज्याकडे वाचणाऱ्याचे लक्ष सहसा जात नाही. आईबरोबर मुलगी अठरा वर्षांपर्यंत राहू शकेल आणि मुलगा आठ वर्षांपर्यंत. त्याहून मोठ्या मुलास बालगृहात पाठवावे. पुढे ही मर्यादा सैल झाली, पण गेली नाही.

वर सांगितलेल्या स्त्रीचा मुलगा नऊ वर्षांचा होता. त्या नियमान्वये, बापाच्या हातून सुटून आलेल्या त्या कुटुंबाची पुढच्या दारात फाळणी व्हावयाची होती. त्या दाराशी आलेली आई काय करील? काही आया मुलाला पाठवितात. काही त्याला मामाकडे ठेवतात. आणि काही, तिघांना एकत्र ठेवणारे एकच छप्पर ठाऊक असल्यामुळे, आल्या वाटेने परत जातात. बाहेरच्यांना हे परत जाणे कळत नाही. ‘एवढा मार खाऊन पुन्हा गेली’ असे म्हणून ते मोकळे होतात.

असा नियम करणारे निष्ठुर होते असे समजण्याचे कारण नाही. तो नियम इमारतीतून निघाला आहे. एका दालनात पंधरा खाटा, त्यांवर निरनिराळ्या घरांतून आलेल्या बायका आणि वयात येऊ लागलेल्या मुली, एक न्हाणीघर, एक स्वयंपाकघर. अशा जागी बारा-चौदा वर्षांचा मुलगा ठेवावा कसा, ही चिंता खरीच आहे. परंतु त्याच जागेत प्रत्येक कुटुंबास आतून कडी लावता येईल अशी एक खोली आणि तिला लागून मोरी असती, तर त्या नियमाचे प्रयोजनच उरले नसते. नकाशा काढताना एक भिंत वाचविली, आणि तिची किंमत एका मुलाने भरली.

तो मुलगा पुढे कोठे जातो, हे पाहिले म्हणजे या विषयाची दुसरी बाजू दिसू लागते. बालगृहात तो अठरा वर्षांचा होतो. २०१५ च्या बालन्याय कायद्याने अठरा पुरी झालेल्या पण एकवीस पुरी न झालेल्या अशा मुलांसाठी अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या सांभाळाची, तरतूद केली आहे. २०१६ च्या नियमांत सहा ते आठ जणांच्या गटाने एकत्र राहण्याची सोय सुचविली आहे. अपवाद म्हणून तेविसाव्या वर्षापर्यंत हात द्यावा असेही म्हटले आहे. तरतूद चांगली आहे. मात्र कायद्यातील क्रियापद ‘देता येईल’ असे आहे, ‘दिले पाहिजे’ असे नाही. आणि नियमांतील त्या गटनिवासास ‘तात्पुरता’ हे विशेषण जोडलेले आहे. ‘मिशन वात्सल्य’ या योजनेत अशा तरुणास महिन्याला ४,००० रुपये देण्याची सोय आहे. मोठ्या शहरात खोली भाड्याने घेताना अनामत मागतात, ओळखीचा माणूस मागतात, कायमचा पत्ता मागतात. चार हजारांत यांतले काय काय येते, याचा हिशेब शहरात राहणाऱ्या कोणासही करता येईल. सुस्थित घरातल्या मुलाला अठराव्या वाढदिवशी कोणी सामान बांधावयास सांगत नाही. पंचविसाव्या वर्षी नोकरी गेली तरी तो आईच्या स्वयंपाकघरात येऊन जेवू शकतो. ज्याला कोणी नाही त्याच्याकडूनच कायद्याने सर्वांत लवकर स्वावलंबनाची अपेक्षा केली आहे.

मार खाऊन बाहेर पडलेली स्त्री आणि बेघर तरुण हे दोन निरनिराळ्या खात्यांचे, निरनिराळ्या फायलींचे विषय समजले जातात. पुष्कळदा ते एकच कुटुंब असते, दहा वर्षांच्या अंतराने पाहिलेले. सगळेच बेघर तरुण अशा घरांतून आलेले असतात असे नव्हे. दारिद्र्य, अनाथपण, गावाकडची नापिकी अशी कारणे आहेतच. पण रेल्वेच्या फलाटावर सापडणाऱ्या मुलांना विचारले तर घरातली मारहाण हे उत्तर वारंवार ऐकावयास मिळते, हे त्या मुलांत काम करणारे नेहमी सांगतात.

शिरगणतीला मात्र ही मंडळी सहसा सापडत नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशातील बेघरांची संख्या १७ लाख ७३ हजार इतकी नोंदली गेली. त्यांतील ९ लाख ३८ हजार शहरांत. रात्री उघड्यावर झोपलेली माणसे मोजून ही संख्या येते. जी स्त्री दुसरे घर नाही म्हणून मारणाऱ्याच्याच घरात निजली आहे, ती या मोजणीत ‘घर असलेली’ ठरते. ब्रिटनमध्ये हा पेच पूर्वीच ओळखला गेला. १९७१ मध्ये लंडनच्या चिझिक भागात एरिन पिझी यांनी एका लहानशा घरात मार खाल्लेल्या बायकांसाठी आसरा उघडला, आणि ते घर बघता बघता माणसांनी ओसंडून गेले. त्यानंतर सहा वर्षांनी, १९७७ मध्ये, तेथील संसदेने बेघरांविषयी जो कायदा केला, त्यात घरात परतल्यास घरातल्याच माणसाकडून हिंसा होण्याचा संभव असेल तर ती व्यक्ती बेघर समजावी, असे म्हटले. डोक्यावर छप्पर असूनही माणूस बेघर असू शकतो, ही गोष्ट कायद्याच्या भाषेत लिहिली गेली.

आपल्याकडील २००५ च्या कायद्याने वेगळी वाट धरली. २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आलेल्या या कायद्याने स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, मग त्या घराच्या कागदावर तिचे नाव असो वा नसो. न्यायदंडाधिकारी पतीला घराबाहेर राहण्याचा हुकूम देऊ शकतो. तितक्याच तोलामोलाची दुसरी जागा देण्याचा किंवा तिचे भाडे भरण्याचाही हुकूम देऊ शकतो. फार मोलाचे कलम आहे हे. परंतु घरातील कोणत्याही स्त्रीला बाहेर राहण्याचा हुकूम देता येत नाही, म्हणजे सासू तेथेच राहते. शिवाय २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सासूच्या मालकीचे घर हे सामायिक घर नव्हे असा निकाल दिला, आणि तो चुकीचा होता असे त्याच न्यायालयाने २०२० मध्ये ठरविले. मधल्या चौदा वर्षांत कितीजणींच्या अर्जांना ‘घर सासूच्या नावाचे आहे’ हे उत्तर मिळाले असेल! आणि हक्क मिळूनही, ज्या भिंतींत मार खाल्ला त्याच भिंतींत पुन्हा निजावयाचे धैर्य प्रत्येकीला व्हावे, अशी अपेक्षा कोणी धरू नये. ज्यांना ते घर हवे आहे त्यांना ते मिळावे. ज्यांना नको आहे त्यांच्यासाठी दुसरे असावे.

ते दुसरे घर म्हणजे आणखी एक आश्रम नव्हे. महाराष्ट्राला आश्रमाची परंपरा थोर आहे. १८६३ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले; १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले; १८९६ मध्ये अण्णासाहेब कर्वे यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. त्या काळी या घरांनी जीव वाचविले आणि शिक्षण देऊन बाईला स्वतःच्या पायांवर उभे केले. पण शिकून नोकरीला लागलेल्या एकट्या बाईला शहरात खोली कोण देणार, हा प्रश्न त्या घरांच्या फाटकापाशी थांबला, आणि आजही तो बराचसा तेथेच उभा आहे.

गेल्या तीन-चार दशकांत या प्रश्नाला जगात काही ठिकाणी एक निराळे उत्तर शोधले गेले. त्याला आधारासह कायमचे घर असे म्हणता येईल. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस यांनी मनाच्या आजाराने पछाडलेल्या, रस्त्यावर राहणाऱ्या माणसांना प्रथम घर द्यावयाचे आणि मग बाकीचे बोलावयाचे, असा उपक्रम सुरू केला. तोवरची रीत उलट होती: आधी व्यसन सोडा, आधी औषध घ्या, आधी सुधारा, मग घर. या नव्या रीतीत भाडेकरार त्या माणसाच्या नावे, उत्पन्नाचा सुमारे तिसरा हिस्सा भाडे म्हणून, आणि मदतीला माणसे सदैव तयार. मात्र मदत घेतली नाही म्हणून घर जात नाही. कॅनडाने २००९ पासून पाच शहरांत दोन हजारांहून अधिक माणसांवर याची पद्धतशीर परीक्षा घेतली. शेवटच्या सहा महिन्यांत सर्व काळ घरात टिकलेले लोक या रीतीने घर मिळालेल्यांत शेकडा ६२ निघाले. नेहमीच्या सोयींवर सोडलेल्यांत ३१. फिनलंडने २००८ मध्ये हेच राष्ट्रीय धोरण केले, आणि पुढील बरीच वर्षे तेथील बेघरांची संख्या घटत गेली. तेथे १९८५ मध्ये स्थापन झालेली एक संस्था सामान्य इमारतींतील सुटे सुटे गाळे विकत घेऊन ते भाड्याने देते. बेघरांची वेगळी वसाहत तिला नको असते.

हे प्रयोग जसेच्या तसे उचलून येथे लावता येणार नाहीत. कॅनडातील माणसे बहुतांशी एकटी होती, आणि त्यांना सरकारी भत्ता मिळत होता. आपल्याकडील बाई मुलांसह येते, तिची मिळकत अनियमित असते, आणि तिचा शोध घेणारा एक माणूस त्याच शहरात हिंडत असतो. पण या कल्पनेची आपल्या देशातली एक पाऊलवाट तयार आहे. चेन्नईतील ‘द बनियन’ ही संस्था १९९३ पासून मनोरुग्ण बेघर स्त्रियांसाठी काम करते. वर्षानुवर्षे रुग्णालयात अडकलेल्या, घरी परत जाऊ न शकणाऱ्या स्त्रियांसाठी तिने २०१५ पासून सर्वसाधारण वस्तीत घरे भाड्याने घेतली. चार-पाच जणी एका घरात राहतात, भाजी आणतात, शेजारणीशी बोलतात. सोबतीला एक प्रशिक्षित मदतनीस बाई असते. तमिळनाडूतून हा उपक्रम केरळ आणि आसामपर्यंत गेला. ज्यांना शहाणी माणसेही ‘या बाहेर राहूच शकणार नाहीत’ असे म्हणत होती, त्या बायका गल्लीतल्या घरात राहू लागल्या.

मग मार खाऊन आलेल्या बाईसाठी आणि अठरा पुरी झालेल्या मुलासाठी अशी घरे योजावयाची तर काय काय पाहावे लागेल? पहिली गोष्ट जागेची. शहराबाहेर स्वस्त जमीन मिळते म्हणून तेथे इमारत उभी करण्याचा मोह प्रत्येक समितीला होतो. त्या मोहापासून दूर राहावे. स्वयंपाकाची तीन घरे जिने मिळविली आहेत तिला बसने दीड तास लांब नेऊन ठेवले, तर घर मिळाले आणि पोट गेले. कमी उत्पन्नाच्या कुटुंबासाठी पूर्वीच्या शासकीय योजनेत तीस चौरस मीटरपर्यंतचे घर धरले जाई. आई आणि दोन मुले यांना ते पुरेल, जर त्यात चूल स्वतःची असेल तर. सामायिक स्वयंपाकघराचे गोडवे पुष्कळ गायिले जातात. पण रात्री दोन वाजता तापलेल्या मुलाला पेज करून द्यावयाची असते, आणि स्वयंपाकघराला कुलूप असते.

सुरक्षिततेचा विचार अधिक अवघड आहे. तातडीच्या आसऱ्याचा पत्ता गुप्त ठेवण्याची चाल पुष्कळ देशांत आहे, आणि ती शहाणपणाची आहे. कायमच्या घराचा पत्ता कायम गुप्त राहू शकत नाही. मुले शाळेत जातात, पत्रे येतात, पाहुणे येतात. तेथे मजबूत दार, उजेडाचा जिना, न्यायालयाच्या संरक्षण-आदेशाची प्रत जवळच्या पोलीस चौकीत, आणि वस्तुस्थिती ठाऊक असलेले दोन शेजारी, एवढ्यावर भिस्त ठेवावी लागते. एखादीच्या बाबतीत धोका एवढा असतो की तिला शहरच बदलावे लागते. म्हणून एका शहरातल्या संस्थेचा दुसऱ्या शहरातल्या संस्थेशी संबंध हवा.

तरुण मुलांची घरे आणि बायकांची घरे एकाच जिन्यावर असू नयेत, असे मानणे बरे. अनोळखी तरुणांचा घोळका पाहून दचकणाऱ्या बायकांना तो त्रास कशाला? पण योजना एक असावी, निधी एक असावा आणि कार्यकर्ते एकमेकांना ओळखणारे असावेत. आईच्या घरात वाढलेला मुलगा अठरा वर्षांचा झाला म्हणून त्याला या दुसऱ्या जिन्यावर पाठविण्याचे कारण नाही. तो जिना ज्याला आई नाही किंवा आई सापडत नाही त्याच्यासाठी. अशा मुलाला आधार कसला लागतो? पहिल्या पगारातून दूधवाल्याचे किती आणि विजेचे किती हे सांगणारे कोणी, परीक्षेच्या अर्जावर सही करणारे कोणी, आणि आजारी पडल्यावर डबा आणणारे कोणी. याला समुपदेशन असे जड नाव आहे. घरात ते काम आत्या-मावशी करतात.

खर्चाच्या बाबतीत एक चूक वारंवार होते. इमारतीसाठी पैसा एकदाच लागतो, त्यावर कोनशिला बसते, आणि म्हणून तो मिळतो. मदतनिसांचा पगार दर महिन्याला लागतो, त्यावर कोनशिला बसत नाही. बांधलेली चांगली घरे ओस पडलेली पाहावयाची तर फार दूर जावे लागत नाही. पंतप्रधान आवास योजनेच्या २०२४ मधील दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा एक स्वतंत्र भाग आहे. त्यापूर्वी २०२० मध्ये शासनाच्या रिकाम्या पडलेल्या घरांचा भाड्याने उपयोग करण्याचे धोरण ठरले. म्हणजे भिंती मिळण्याचा मार्ग आहे. संस्थेने आपला अर्ज लिहिताना मात्र प्रथम दहा वर्षांच्या पगाराची सोय लिहावी आणि मग पायाचा खर्च. तसे करणारा चिटणीस समितीत अप्रिय होईल, याला इलाज नाही.

कायमचे घर दिले तर कोणी ते सोडणारच नाही, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्यात तथ्य आहे. एका खोलीत एक कुटुंब दहा वर्षे राहिले तर दुसरे दहा वर्षे थांबेल, आणि म्हणून घरांची संख्या वाढवीत न्यावीच लागेल. पण कायमचे याचा अर्थ जन्मभराचे असा नाही. निघण्याची तारीख आधी लिहिलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. ज्या बाईला अकरा महिन्यांनी बाहेर पडावयाचे आहे ती सातव्या महिन्यापासून दुसऱ्या जागेच्या चिंतेत असते. ती शिवणकामाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेत नाही, मुलीला चांगल्या शाळेत घालीत नाही. आणि तातडीच्या केंद्रातील पाच दिवसांच्या खाटा आज अडून राहतात, त्या पुढे जावयास जागा नाही म्हणूनच.

करार मात्र नीट वाचून करावा लागेल. शहरात घर भाड्याने देताना अकरा महिन्यांचा करार करण्याची रीत पडून गेली आहे, आणि घरमालकाशी तो संस्थेने करावा, बाईने संस्थेशी करावा, अशी दुहेरी मांडणी व्यवहारात सोयीची पडते. एकटी बाई किंवा नात्यागोत्याचा नसलेला तरुण म्हटल्यावर जो मालक नाही म्हणतो, तो संस्थेला हो म्हणण्याचा संभव असतो. परंतु बाईच्या हातातील करारात मुदत संपल्यावर तो आपोआप चालू राहील असे कलम हवे, भाडे थकल्यास प्रथम कार्यकर्त्याने भेटावे आणि नोटीस नंतर जावी असे हवे, आणि दाराची दुसरी किल्ली कोणाकडे राहील हेही त्यात लिहिलेले हवे. ती अधीक्षकाच्या खिळ्यावर टांगलेली नसावी. विजेचे देयक तिच्या नावाने यावे. ते एक कागद हाती आले म्हणजे त्यावर शिधापत्रिका निघते, बँकेचे खाते उघडते, मुलाला जवळच्या शाळेत नाव घालता येते. आणि त्या नोंदीतल्या पत्त्याच्या रकान्यात कोणाच्या द्वारा असे लिहावे लागत नाही.